खापर कुणाच्या डोक्यावर?

साताऱ्याहून सांगलीच्या शाखेत बदली झाली, तेव्हा मी कंदी पेढ्यांबरोबर एक सवयही आणली. काही चुकलं की आधी चूक शोधायची नाही, डोकं शोधायचं. अर्थात दुसऱ्याचं!

मराठीत आळ घेतात, ठपका ठेवतात, बोल लावतात. खापर मात्र फोडावंच लागतं. खापर म्हणजे मडक्याचा तुकडा. संस्कृतातल्या 'कर्पर'चं प्राकृतात 'खप्पर' झालं आणि आपल्याकडे खापर. गंमत अशी, की 'कर्पर' म्हणजे मडक्याचा तुकडाही आणि डोक्याची कवटीही. 'कपाल' या शब्दाचंही तेच. म्हणजे खापर आणि कपाळ हे जुने शेजारी! मडकं फोडलं कुणी, हे विचारायचं नसतं. टाळकं कुणाचं, एवढंच बघायचं.

इतिहासातही हेच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना मारलं. आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलं, ही गोष्ट घरोघर पोचली आणि भाषेला 'ध चा मा' मिळाला. गादी हवी होती राघोबादादांना, खापर फुटलं बायकोच्या डोक्यावर!

साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे मात्र हिशेबाला पक्के. दोषी राघोबादादाच, असं ठरवून त्यांनी न्यायाधीशपद सोडलं. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली 'भाऊबंदकी' नाटकात हे सगळं रंगभूमीवर आणलं. म्हणजे माझी बदलीसुद्धा रामशास्त्र्यांच्या गावाकडून खाडिलकरांच्या गावाकडे. गुण मात्र काही लागला नाही.

गेल्या महिन्यात संध्याकाळी कॅश जुळेना. पाचशे रुपये कमी. "नोटा नव्या पोरानं मोजल्यात," मी साहेबांना सांगून टाकलं. पोरानं मुकाट्यानं खिशातून भरले. दुसऱ्या दिवशी नोट सापडली, माझ्याच ड्रॉवरच्या फटीत! त्याचे पैसे मी परत केले, पण चहाच्या टपरीवर, हळूच. साहेबांच्या लेखी चूक अजून त्याचीच.

घरी हे सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, मग उद्या साहेबांना सांगून टाका की."

"त्या दिवशी तू डबा उशिरा दिलास, म्हणून माझी घाई झाली," मी म्हणालो.

ती हसली नाही. काही बोललीही नाही.

आज सकाळी डबा नऊच्या आत तयार होता. साहेबांच्या केबिनपर्यंत जायला आता माझ्याकडे एकही सबब उरलेली नाही.