स्त्रियांचा फुटबॉल : मैदान व आश्रय

छत्रपती संभाजीनगरच्या लोकांस आमखास मैदान हें नांव नवें नाहीं. आम म्हणजे सर्वसाधारण, खास म्हणजे निवडक. दोहोंचा उल्लेख नांवांतच आहे. परंतु या दोहोंत स्त्रियांची गणना कधीं झाली, हा प्रश्न मैदानी खेळांच्या इतिहासांत विचारलाच पाहिजे. फुटबॉलापुरता त्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. हैदराबाद सिटी पोलीस या संघानें १९५० ते १९५४ अशीं पांच वर्षें ओळीनें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या राज्यास फुटबॉलाची थोर परंपरा होती खरी; मात्र ती पुरुषांची होती. स्त्रियांच्या क्लबाचा जुना व सविस्तर इतिहास पाहावयाचा तर दृष्टि इंग्लंडांतील प्रेस्टन शहराकडे वळवावी लागते.

तेथील डिक, कर यांच्या कारखान्यांत पहिल्या महायुद्धाच्या काळीं दारूगोळ्याचें काम करणाऱ्या स्त्रियांनीं १९१७ मध्यें संघ उभा केला. त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं झालेल्या सामन्यास सुमारें १०,००० प्रेक्षक आले व उत्पन्न जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस दिलें गेलें. डिसेंबर १९२० मध्यें लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर हाच आंकडा ५३,००० वर गेला. पुढें वर्ष भरण्यापूर्वींच, ५ डिसेंबर १९२१ रोजीं, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनें आपल्या क्लबांस स्त्रियांना मैदानें देण्याची मनाई केली. येथें एक भेद ध्यानांत घ्यावा : खेळ बंद केला नाहीं, जागा बंद केली. ही मनाई सुमारें पन्नास वर्षें टिकली. १९२६ मध्यें कारखान्याचाहि आश्रय सुटला. तरी त्या स्त्रियांनीं प्रेस्टनचें नांव धारण करून १९६५ पर्यंत संघ चालविला.

भारतांत स्त्रियांच्या फुटबॉलाचा स्वतंत्र महासंघ १९७५ मध्यें स्थापन झाला. १९८० व १९८३ च्या आशियाई स्पर्धांत भारतीय स्त्रिया उपविजेत्या ठरल्या. इतकें होऊनहि क्लबांची राष्ट्रीय लीग सुरू होण्यास २०१६-१७ उजाडलें. पहिल्या लीगच्या अंतिम फेरींत सहा संघ होते. त्यांत पुण्याचा एफसी पुणे सिटी होता. विजय मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनचा झाला. २०१८-१९ मध्यें कोल्हापूरचा संघहि लीगमध्यें उतरला. परंतु २०१९ मध्यें एफसी पुणे सिटी ही संस्थाच बंद पडली.

हीं दोन उदाहरणें शेजारीं ठेवून पाहावीं. मालक गेल्यावर प्रेस्टनचा संघ जवळजवळ चाळीस वर्षें जगला. पुण्यांत मालक संस्थेबरोबर संघाचें नांवहि गेलें. आमच्या मतें भेद पैशाचा नसून संघटनेचा आहे. जो क्लब खेळाडूंनीं स्वतःचा मानला, तोच आश्रयावांचून टिकला.

यास्तव संभाजीनगरांत मुलींचा क्लब निघेल तेव्हां त्यानें पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवावी. स्थापना कोणीं केली, मैदान कोणाचें, तें कोणत्या वेळीं मिळालें आणि कोणीं नाकारलें, हें तींत लिहावें. गोलांची संख्या वर्तमानपत्रांतहि सांपडते. नाकारलेल्या मैदानाची नोंद ज्याचें त्यानेंच ठेवावी लागते.