कोरेगावचा स्तंभ

१२. ग्रंथकर्त्याने ज्यास नुसते ‘कोरेगावचा स्तंभ’ म्हटले आहे, ते स्मारक वस्तुतः भीमेच्या पुण्याकडील तीरावर, मौजे पेरणे याच्या शिवारात, नगर रस्त्यालगत उभे आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई मात्र पैलतीरीच्या कोरेगावात, घराघरांच्या आडोशाने झाली. शिरूरहून पुण्याच्या मदतीस निघालेला कप्तान स्टाँटन पुढे न सरकता शिरूरास परतला, आणि दुसऱ्या बाजीरावाचे सैन्यही दक्षिणेकडे निघून गेले. तेव्हा जय कोणाचा, हा प्रश्न इतिहासकारांस पडला तरी कंपनी सरकारने १८२१ साली पाया घालून त्याचा निकाल दगडातच देऊन टाकला.

रचना साधी आहे : चौरस जोत्यावर सुमारे ६५ फूट उंचीचा, वर निमुळता होत गेलेला चौपहलू पाषाणस्तंभ, व त्यावर इंग्रजी आणि मराठी लेख. परंतु गोऱ्या अंमलदारांबरोबर देशी शिपायांचीही नावे त्यावर कोरली आहेत, हा विशेष आम्हांस रचनेहून मोलाचा वाटतो. कारण १९१४-१९ च्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने गावोगावच्या चावड्यांत बसविलेल्या संगमरवरी फरशांवर, गावातून गेले किती व पडले किती, एवढा हिशेबच तेवढा आढळतो, नाव एकाचेही नाही. कोरेगावच्या यादीत ‘नाक’ प्रत्ययाने संपणारी २२ नावे महार शिपायांची आहेत. स्तंभाची देखरेख लढाईत जखमी झालेल्या खंडोजी माळवदकर या जमादाराकडे १८२४ साली सनदेने सोपविण्यात आली. डॉ. आंबेडकर येथे १ जानेवारी १९२७ रोजी आले होते.—संपादक