इंधनाची उधळपट्टी आणि कायद्यातील फट

उधळपट्टीस आवर घालण्याचे राजसत्तेपाशी मुख्यतः दोन मार्ग असतात : निर्बंध आणि कर. अमेरिकेने पाच वर्षांत हे दोन्ही योजून पाहिले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. पेट्रोलपंपांपुढे मोटारींच्या रांगा लागल्या. २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. परंतु मोकळ्या महामार्गांवर ती सर्रास मोडली जाऊ लागली. १९८७ मध्ये ती सैल झाली, १९९५ मध्ये रद्द झाली.

कराची कथा अधिक बोधप्रद आहे. १९७८ च्या कायद्याने भरमसाट इंधन पिणाऱ्या नव्या मोटारींवर कर बसविला. १९८० च्या मोटारींपासून आकारणी सुरू झाली. हलकी मालवाहू वाहने मात्र वगळली गेली, कारण ती तेव्हा बहुतांशी कामधंद्यासाठीच वापरली जात. कारखानदारांना ही फट लाभली. ट्रकच्या सांगाड्यावर ऐसपैस कुटुंबगाड्या घडू लागल्या. कायद्याच्या लेखी त्या मोटारी नव्हत्याच! पुढे त्यांच्या वर्गाचा खप मोटारींहूनही वाढला. तितकेच इंधन जाळणाऱ्या दोघांपैकी एकाने कर भरावा आणि दुसऱ्याने सुटावे, हा न्याय नव्हे. कर वाहनाच्या नावावर नव्हे, अपव्ययावरच बसावयास हवा.