तबकडी ते कॅसेट : माळव्यातल्या मराठी घरांचा ध्वनिठेवा

गणपती येण्याआधी घराची आवराआवर होते. माळ्यावरून समया, पितळी भांडी, मखराचे सामान खाली येते आणि त्यांच्याबरोबर एखादी पत्र्याची पेटीही येते. पेटीत जुन्या कॅसेट असतात, चार-दोन तबकड्या असतात. वाजवायचे यंत्र घरात उरलेले नसते. मग ती पेटी एक तर पुन्हा माळ्यावर चढते, नाही तर कबाडीच्या हातगाडीवर जाते. भाव किलोवर ठरतो.

सरकारी नोकरी सांभाळून गेली काही वर्षे मी अशा पेट्यांच्या मागे आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला असल्यामुळे बंद पडलेला टेपरेकॉर्डर उघडण्याची भीती वाटत नाही, एवढेच माझे भांडवल. माझा विशेष ओढा १९७० ते १९९० या काळातल्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या संगीताकडे आहे : डिस्को, सिंथेसायझरवरच्या चित्रपटधुना, छोट्या ई.पी. तबकड्या आणि पुढे आलेल्या कॅसेट. ज्येष्ठ मंडळी विचारतात, "ज्या देवासात रजब अली खाँसाहेब आणि कुमारजी गायले, तिथे राहून तुम्ही डिस्को गोळा करता?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

लाखेची तबकडी

भारतातले पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात झाले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्र घेऊन आला आणि गौहरजानचा आवाज मेणावर उमटला. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होऊन परत येत. ७८ फेऱ्यांच्या या तबकडीचा मुख्य घटक लाख. ही लाख जगाला पुरवणारा प्रमुख देश आपलाच, म्हणजे कच्चा माल इथून जायचा आणि गाणे होऊन परत यायचा. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मिळत. तासभर फुलणारा ख्याल त्यात बसवायचा म्हणजे कसरतच होती. नाट्यगीत आणि भावगीत मात्र या मापात चपखल बसले. बालगंधर्वांच्या पदांच्या तबकड्या घरोघर पोहोचल्या त्यामागे हे मापही होतेच.

अठराव्या शतकात पवारांबरोबर माळव्यात आलेल्या घराण्यांना धार आणि देवासची थोरली-धाकटी पाती म्हणजे दुसरा महाराष्ट्रच होता. दरबारांनी गवय्यांना आश्रय दिला. उस्ताद रजब अली खाँ (१८७४–१९५९) देवासचे. त्यांच्या तानेबद्दल आजही बोलले जाते, पण त्यांची ध्वनिमुद्रणे मोजकीच. ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकले ती पिढी आता गेली. आपल्याकडे उरल्या त्या आठवणींच्या आठवणी.

कुमार गंधर्वांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. क्षयाच्या आजारात हवापालटासाठी ते १९४८ साली देवासला आले, बरे झाले आणि १९५३ पासून पुन्हा मैफलीत बसले. १२ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले तेही देवासातच. मधल्या चार दशकांत टेपरेकॉर्डर घरगुती झाला होता. कंपनीच्या तबकड्या निघाल्या, आकाशवाणीने मुद्रणे केली आणि रसिकांनी मैफलींच्या खासगी टेप जपल्या. मुंबईत सत्यशील देशपांडे यांनी संवाद फाउंडेशनच्या माध्यमातून अशा मुद्रणांचा मोठा संग्रह उभा केला. एकाच देवासात दोन पिढ्यांचे दोन थोर गवई झाले. एक बहुतांशी हवेत विरले, दुसरे ऐकायला मिळतात. टेप उपलब्ध असणे आणि ती कुणीतरी सांभाळणे, या दोन गोष्टींनी हा फरक पडला.

विजेवर वाजणारे वाद्य

आता डिस्कोकडे. आपल्या चित्रपटसंगीतात इलेक्ट्रॉनिक वाद्य डिस्कोच्या खूप आधी आले. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली गाजलेली बीन ही खरी बीन नाही. क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवरच्या छोट्या वाद्यावर कल्याणजी वीरजी शहा यांनी ती वाजवली. संगीत हेमंतकुमारांचे. अख्ख्या देशाने तिला पुंगी मानले आणि पुढे खऱ्या पुंगीवाल्यांनीही तीच धून उचलली.

धारवरून जाणारा रस्ता पुढे अहमदाबादला पोहोचतो. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर बसवला गेला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर त्यासाठी आले होते. गीता साराभाई, अतुल देसाई आणि इतरांनी त्यावर प्रयोग केले, ते टेपवर उतरवले आणि टेप कपाटात गेल्या. सुमारे साडेचार दशकांनी पॉल परगस या ब्रिटिश कलावंताला त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक मुद्रणे प्रसिद्ध झाली. भारतात इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रयोग इतक्या लवकर झाला होता, हे जगाला तेव्हा कळले.

मुंबईच्या स्टुडिओंत केरसी लॉर्ड यांनी सिंथेसायझर रुजवला. १९८० मध्ये 'कुर्बानी'तल्या नाझिया हसनच्या गाण्याने आणि १९८१ मध्ये 'डिस्को दीवाने' या तिच्या संग्रहाने पोरासोरांना वेड लावले. दोन्हींमागे संगीतकार बिद्दू. १९८२ चा 'डिस्को डान्सर' आला तेव्हा डिस्को तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. गणेशोत्सवाच्या मांडवात सकाळी आरती आणि भक्तिगीते, रात्री देखाव्याच्या रोषणाईबरोबर हीच गाणी, हा अनुभव या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांच्या ओळखीचा असेल.

त्याच १९८२ साली चरणजित सिंग या चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या कलावंताने एच.एम.व्ही.साठी एक एल.पी. केली : दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. साधने तीन, तीनही जपानच्या रोलँड कंपनीची : टीबी-३०३ हे बेसचे यंत्र, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. ललत, तोडी, यमन, मालकंस असे राग या यंत्रांवर वाजले. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. ती मींडेची नक्कल नव्हे, पण रागाला ती मानवली. तबकडी कुणी फारशी घेतली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच ३०३ वर जी तबकडी काढली, तिच्यापासून 'ॲसिड हाउस' नावाचा पंथ सुरू झाला असे मानतात. एका डच संग्राहकाला सिंग यांची जुनी एल.पी. दिल्लीत मिळाली आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली. तेव्हा युरोप-अमेरिकेतले श्रोते चकित झाले. मुंबईतला माणूस पाच वर्षे आधी जवळपास तेच वाजवून गेला होता! सिंग यांना उतारवयात परदेशी दौरे मिळाले. २०१५ मध्ये ते गेले.

ज्येष्ठांच्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे. कोणते मुद्रण मोलाचे, हे ते निघाले त्या वर्षी ठरत नाही. पुढच्यांनी ठरवायचे तर ते तोवर शिल्लक राहिले पाहिजे.

कॅसेटने काय केले

फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ ची, पण आपल्याकडे तिचा पूर आला १९८० नंतर. तबकडी दाबायला कारखाना लागतो. कॅसेटची नक्कल एका खोलीत होते. एच.एम.व्ही.ची सद्दी संपली, गुलशनकुमारांच्या टी-सिरीजसारख्या कंपन्या वर आल्या आणि लहान-लहान भाषांना पहिल्यांदा बाजार मिळाला. माळवी आणि निमाडी गाणी विकत मिळू लागली. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया कबीराची भजने गात, ती कॅसेटवरूनच माळव्याच्या खेड्यापाड्यांत गेली. १९९० च्या दशकात देवासात एकलव्य संस्थेच्या कबीर भजन व विचार मंचावर गावोगावचे गायक जमत, तो काळही हाच.

कॅसेटने आणखी एक गोष्ट केली. सामान्य माणसाला स्वतःचा आवाज जपता आला. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पेट्यांत विकत घेतलेल्या कॅसेटच्या जोडीला घरच्या कॅसेट असतात : आजीच्या ओव्या, मुंजीतली मंगलाष्टके, मंडळाच्या मांडवातले कीर्तन, नोकरीसाठी दूर गेलेल्या मुलाला बोलून पाठवलेले पत्र. तबकडीच्या निदान शेकडो प्रती असतात. अशा कॅसेटची जगात एकच प्रत असते.

दुरुस्ती कशी होते

तबकडी आधी धुवावी लागते. विनाइलची तबकडी ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित साबण घालून धुता येते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, लाख विरघळते. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते. एल.पी.ची सुई तिच्या तळाशी जाऊन फक्त खरखर ऐकवते.

कॅसेटला पावसाळा बाधतो. फितीवर पांढरी बुरशी धरते. आत फितीला डोक्याशी दाबून धरणारा नमद्याचा बारीक तुकडा असतो, तो गळून पडतो. अशा वेळी फीत काढून दुसऱ्या चांगल्या, स्क्रूच्या डबीत घालावी. मग यंत्राच्या हेडचा कोन त्या फितीला जुळवायचा. बारीक स्क्रू फिरवताना 'स' आणि झांज स्पष्ट होतात, तिथे थांबायचे. हे काम संगणकावर नंतर करता येत नाही.

वेगाचा प्रश्न अवघड आहे. पट्टा सैल झालेल्या यंत्रावर मुद्रण झाले असेल तर आज सगळे गाणे चढ्या स्वरात येते. मुद्रणात विजेची जी घूं असते ती ५० हर्ट्झची असायला हवी. ती ५१.५ वर दिसली तर वेग ३ टक्के जास्त, म्हणजे सूर जवळजवळ पाव स्वराने चढलेला. पण त्या काळी आपली वीज पुरती ५० वर कधी स्थिर राहत असे? म्हणून दुसरा पुरावा लागतो. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड सहसा ठरलेल्या पट्टीतच वाजतो. तो साथीला असेल तर काम सोपे होते. नुसता तंबोरा असेल तर जाणकाराला बसवून त्या गायकाची पट्टी विचारावी लागते.

शेवटी संगणक. खट् असा आवाज हजारांश सेकंदाएवढा असतो. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या ध्वनीवरून मधली जागा भरता येते. इथे हात आवरावा लागतो. तालयंत्रातली टाळी आणि तबल्यावरची चाट या दोन्ही आज्ञावलीला खरवड वाटतात आणि ती त्या पुसून टाकते. जास्त साफ केलेल्या मुद्रणात तंबोऱ्याची जवारीही जाते, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. म्हणून नियम असा की पहिली प्रत जशी आली तशी, खरखरीसह, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर जपायची. दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करायची. उद्या आपल्यापेक्षा चांगली साधने येतील, त्यांना मूळ आवाज मिळाला पाहिजे.

आपण काय करू शकतो

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने डॉ. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मेहनतीने तबकड्यांच्या याद्या, लेख आणि ऐकण्याच्या बैठकी चालवल्या. आपल्या शेजारी, इंदूरजवळ पिगडंबरला, सुमन चौरसिया यांनी लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय उभे केले आहे. इंदूर ही लताबाईंची जन्मभूमी, हे आपल्याला ठाऊक आहेच.

धार-देवासच्या मराठी मंडळींनी तेवढे मोठे काही करायची गरज नाही. तीन गोष्टी पुरेत. पहिली, जुनी पेटी कबाडीला देण्याआधी आत काय आहे ते पाहावे. कॅसेटवर हाताने लिहिलेले काही असेल तर ती हमखास बाजूला काढावी. दुसरी, घरातल्या ज्येष्ठांना त्या दाखवून कुणाचा आवाज, कोणता प्रसंग, कोणते वर्ष हे कागदावर उतरवून घ्यावे. आवाज मी किंवा दुसरा कोणी यंत्रातून काढू शकेन, पण तो कुणाचा हे यंत्र सांगत नाही आणि सांगू शकणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. तिसरी, मंडळाने एक नोंदवही सुरू करावी : कुणाकडे काय आहे, एवढीच. वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच राहाव्यात.

एक कायद्याची गोष्टही सांगून ठेवतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो आणि कवी-संगीतकारांचे हक्क वेगळे असतात. म्हणून विकत घेतलेल्या गाण्यांच्या साफ केलेल्या प्रती वाटायला किंवा विकायला जाऊ नये. घरच्या आवाजांना हे बंधन नाही, तिथे घरच्यांची परवानगी पुरते.

कॅसेटवरचे चुंबकीय कण आपल्यासाठी थांबणार नाहीत. ज्या फिती मी दहा वर्षांपूर्वी सहज वाजवल्या, त्यांतल्या काही आज चिकटू लागल्या आहेत. या उत्सवाच्या दहा दिवसांत पाहुणे घरी येतात, म्हातारी माणसे गप्पांना बसतात. पेटी खाली काढायला आणि "हा आवाज कुणाचा?" असे विचारायला याहून चांगले दिवस वर्षात दुसरे नाहीत.