ॲव्हरेज किती देते?

१९७२ साल माणदेशात कुणी गाड्यांसाठी लक्षात ठेवलेलं नाही. त्या साली पाऊस फिरकला नाही, दावणी मोकळ्या पडल्या आणि माणसं दुष्काळी कामावर खडी फोडून सुकडीवर दिवस काढू लागली. आटपाडीच्या आसपास वैरणीवाचून खिलार बैल मिळेल त्या पैशाला विकले गेले. नेमक्या त्याच साली पुण्याच्या दोन कंपन्यांनी दोन गाड्या बाजारात आणल्या. बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना. बैल गोठ्यात उभा असला तरी रोज खातो. या गाड्या उभ्या असताना काहीच खात नव्हत्या. दुष्काळी तालुक्यात या एका गुणाची किंमत फार मोठी होती. ती लोकांच्या ध्यानात यायला मात्र आणखी काही वर्षं जावी लागली.

आटपाडी तालुक्याचा हिशेब आधीपासून बैलाच्या भाषेतला. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतं, आदत आहे की दोनदाती ते ठरवतं, मग चार पावलं चालवून बघतं. भाव शेवटी, उपरण्याखाली बोटं दाबून. पण घेणाऱ्याच्या मनात आणखी एक आकडा घोळत असतो: याला वर्षभर खायला काय घालायचं? पाचशे मिलिमीटरच्या आत पाऊस पडणाऱ्या मुलखात जनावर विकत घेणं सोपं आणि सांभाळणं अवघड.

बैल आणि स्कूटर यांच्या मधला टप्पा सायकलचा. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढून धंद्याला सुरुवात केली आणि १९१० मध्ये याच औंध संस्थानच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी वसवली. संस्थानं विलीन झाली तेव्हा आटपाडी साताऱ्यात आली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आटपाडीला रेल्वे आली नाही. विटा, पंढरपूर किंवा सांगली गाठायची तर एसटी, आणि एसटी चुकली तर स्वतःचं काहीतरी.

स्वतःचं काहीतरी म्हणजे स्कूटर, हे सत्तरच्या दशकात ठरलं. फक्त ती मिळत नव्हती. चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. मुलीच्या लग्नात स्कूटर द्यायची तर तिच्या शाळेपासूनच नंबर लावायला हवा, असा तो काळ. ही रांग कमी करायला साताऱ्यालाच कारखाना निघाला. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यात ‘प्रिया’ तयार होऊ लागली. इकडच्या शिक्षकाच्या, तलाठ्याच्या दारात उभी राहिलेली प्रिया अशी शेजारच्या जिल्ह्यातली लेक होती.

प्रिया आणि चेतक या दोघींचे नखरे सारखेच. सकाळी किक मारून दमलेला मालक गाडी एका अंगाला पार जमिनीपर्यंत कलती करायचा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरू द्यायचा आणि पुन्हा किक मारायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यावं लागे. ऑइल जास्त पडलं तर गाडी धूर ओकायची, कमी पडलं तर इंजिन धरायचं. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं तर घरातल्या पोरांनाही यायचं.

लुनाचं तसं नव्हतं. पॅडल मारली की ती सुरू व्हायची, आणि पेट्रोल संपलं तर सायकलसारखी घरी यायची. दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवून वस्तीवरून डेअरीपर्यंत जाणाऱ्या माणसाला दुसरं काय हवं होतं? पुढे हेच काम बजाजच्या एम-८०ने उचललं. पेंडीचं पोतं, स्प्रे पंप, डाळिंबाचे क्रेट, मागे बसलेली म्हातारी, सगळं एकाच फेरीत.

या गाड्यांनी तालुक्याला एक प्रश्न शिकवला. खिलाराच्या बाजारात जसे दात बघायचे, तसं गाडी बघताना विचारायचं, ‘ॲव्हरेज किती देते?’ वेग, रंग, कंपनी सगळं नंतर. गाडी रिझर्व्हला लागली की पुढचा पंप किती लांब आहे हे प्रत्येकाला पाठ असे आणि अगदीच अडलं तर टपरीवर बाटलीतलं पेट्रोल चढ्या भावाने मिळे.

२००९च्या अखेरीला बजाजने स्कूटर बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. तोवर बिनगियरच्या गाड्यांनी बाजार काबीज केला होता. पण दहा वर्षांतच, जानेवारी २०२० मध्ये, चेतक नव्या अंगाने परतली. किक नाही, कलती करणं नाही, ऑइल नाही. खाली बॅटरी आणि हातात चार्जरची वायर. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुनाही ‘ई-लुना’ होऊन आली, किंमत सत्तर हजारांच्या आत. बाहत्तर सालच्या दोन्ही गाड्या पन्नास वर्षांनी पुन्हा दारात उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर तो जुना प्रश्नही.

आता ॲव्हरेज काढायची रीत बदलली. रोज तीस किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर नऊ हजार किलोमीटर होतात. पेट्रोलची स्कूटर लिटरला पंचेचाळीस देत असेल तर दोनशे लिटर लागतं. १०५ रुपयांच्या भावाने २१ हजार. इलेक्ट्रिकची तीन युनिटांची बॅटरी प्रत्यक्षात नव्वद किलोमीटर चालली आणि चार्जिंगमधली गळती धरून साडेतीन युनिटं लागली, तर वर्षाला साडेतीनशे युनिटं. दहा रुपये युनिट धरलं तरी साडेतीन हजार. फरक साडेसतरा हजारांचा.

हा हिशेब कागदावर सुंदर दिसतो. वस्तीवर त्याला फाटे फुटतात. घरगुती मीटरवर शंभर युनिटांच्या पुढे दर एकदम वाढतो आणि स्कूटर महिन्याला तीसेक युनिटं ओढते, म्हणजे शंभराच्या जेमतेम आत राहणारं घर वरच्या टप्प्यात ढकललं जातं. गावठाणात राहणाऱ्याला रात्रभर वीज मिळते. शेतातल्या वस्तीवर शेतीच्या फीडरची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. आटपाडीहून दिघंचीला जाऊन येणाऱ्या शिक्षकाला ही गाडी परवडते, पण सांगलीला जाऊन त्याच दिवशी परतणारा माणूस वाटेत प्लग शोधत बसतो. शिवाय आधी कमी पैशात मिळणारी गाडी आता तशी मिळत नाही. जून २०२३ मध्ये केंद्राने इलेक्ट्रिक गाड्यांच्या फेम योजनेतलं अनुदान किलोवॅट-तासाला पंधरा हजारांवरून दहा हजारांवर आणलं आणि पुढच्या योजनेत ते पाच हजारांवर आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर उतरला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासूनच पाच टक्के होता, त्यामुळे तिथे उतरायला काही उरलंच नव्हतं.

तरी विजेच्या बिलाची भाषा या तालुक्याला नवी नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून टप्प्याटप्प्याने इकडे आणलं, तेव्हापासून पाणी म्हणजे वीज हे समीकरण डाळिंबवाल्याला तोंडपाठ आहे. उपसा योजनांच्या वीजबिलात सरकारचे ८१ टक्के आणि शेतकऱ्याचे १९, हा ‘एक्याऐंशी-एकोणीस’ पारावर बसलेला माणूसही सांगतो. पाणी युनिटात मोजणाऱ्या माणसाला स्कूटर युनिटात मोजणं जड जात नाही.

अडतं ते जुनी गाडी घेताना. पेट्रोलच्या गाडीचं इंजिन कानाने कळतं. धुराचा रंग बघून मेस्त्री दोन वाक्यांत सांगतो की पिस्टन गेलाय. बॅटरीचं तसं होत नाही. ती खपते चालण्याने, तशीच नुसत्या वयानेही. उभी गाडी काही खात नाही, पण तिचं वय थांबत नाही. नवी बॅटरी घालायची तर गाडीच्या किमतीचा मोठा वाटा पुन्हा मोजावा लागतो, आणि तिची तब्येत सांगणारं यंत्र शोरूममध्ये असतं, गावातल्या मेस्त्रीकडे नसतं. मग जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरचे दात बघायचे कुठे? त्यावर सरळ उपाय एकच: रात्रभर चार्जिंगला लावून शंभर टक्के करायची, सकाळी मागे एक माणूस बसवायचा, खरसुंडीपर्यंत जाऊन यायचं आणि परत आल्यावर बघायचं, काट्यावर किती उरलं.