एका खोलीचे गणित : मुंबई, १९२१

१/ १९२१ सालच्या मुंबईतील बालमृत्यूंचा एक तक्ता इतिहासात वारंवार उद्धृत होतो. मूल किती खोल्यांच्या घरातले, एवढ्याच निकषावर त्याची मांडणी आहे. दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बालके अशी :
चार वा अधिक खोल्या – १३३
तीन खोल्या – १९१
दोन खोल्या – ३२२
एक खोली – ८२८

२/ ही एक खोली अपवाद नव्हती. त्याच सुमारास, १९२१-२२ मध्ये, मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. त्यांपैकी ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांना गिरणीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर घर हवे होते. तिथली जागा मोजकी, मागणी अफाट. चाळ उभी राहिली ती या गरजेतून.

३/ दाटीवाटीचा आणि रोगाचा संबंध शहराने त्याआधीच अनुभवला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये गोदीलगतच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळाले. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत ७,७६,००६ वर उतरली.

४/ १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कोंदट हवा आणि घाण हीच रोगाची मुळे, अशी त्या काळची धारणा. म्हणून जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले गेले. समुद्रावरचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आखला गेला. मात्र घर गेलेली गरीब माणसे शेजारच्याच गल्ल्यांत शिरली. गर्दी हटली नाही, तिने फक्त जागा बदलली.

५/ गर्दी म्हणजे नेमके काय? गिरणीतील स्त्रियांची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये एका खोलीचे वर्णन नोंदवले. खोली १५ फूट बाय १२ फूट. जमिनीवर सहा चुली, म्हणजे सहा बिऱ्हाडे. लहानथोर मिळून ३० माणसे. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते.

६/ त्याच पाहणीत दुसरी गोष्ट उघड झाली. गिरणीत जाणाऱ्या बहुतेक सर्व आया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत. याला क्रौर्य म्हणणे सोपे आहे. पण आई कामावर गेली की मूल सांभाळायला घरी कोणी नसे, आणि कामावर न जावे तर मजुरी बुडत असे. मूल निजून राहणे ही त्या घराची आर्थिक गरज होती.

७/ आता तक्त्याकडे चिकित्सेने पाहू. ८२८ हा आकडा शब्दशः घेता येत नाही. अनेक कामगार स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. मुलाचा जन्म गावी नोंदला जाई; पण मूल मुंबईत आणल्यावर दगावले, तर मृत्यू मुंबईच्या खाती पडे. शिवाय शहरातल्या जन्मनोंदीही अपुऱ्या. भाजक लहान झाला की दर फुगतो.

८/ म्हणून तक्ता निकालात काढावा का? नाही. एका खोलीची ओळ पूर्ण झाकली तरी दोन खोल्यांतील ३२२ आणि चार खोल्यांतील १३३ यांतले अंतर उरतेच. शिडीची एक पायरी फुगलेली असली, तरी शिडी खरी आहे.

९/ आणखी एक प्रश्न राहतो : मृत्यूचे कारण खोली होते की दारिद्र्य? खोलीत धूर होता, एकाचा खोकला साऱ्यांना लागत होता. पण खोल्यांची संख्या हे मजुरीचे, नळ-संडासाच्या सोयीचे, आईच्या आहाराचे आणि विश्रांतीचेही माप होते. एकाच रकान्यात हे सारे सामावले होते.

१०/ त्यामुळे उपायही दोन वाटांनी गेले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे २०७ काँक्रीटच्या चाळी बांधल्या. त्याच या बीडीडी चाळी. बांधणी पक्की झाली; पण कुटुंबाच्या वाट्याला पुन्हा १६० चौरस फुटांची एकच खोली आली.

११/ दुसरी वाट आईच्या मजुरीची. बाळंतपणाच्या आधी व नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे आहे, असे म्हणत १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये तो कायदा झाला. मूल वाचवायचे तर केवळ भिंती बदलून भागत नाही, आईला पगाराची चिंता न करता घरी राहता आले पाहिजे, हे त्यात मान्य झाले.

१२/ मृत्यूच्या नोंदीत रोगाचे नाव असतेच. त्याशेजारी खोल्यांची संख्या मांडली गेली, तेव्हा ‘ताप’, ‘अशक्तपणा’ अशा शब्दांमागची विषमता मोजता येऊ लागली. कोणत्याही शहराच्या आरोग्याचा इतिहास वाचताना म्हणून आधी पाहावे, की तिथल्या नोंदवहीत कोणता रकाना आहे आणि कोणता नाही.