दोन हजार ग्रॅमची रेघ

सांवेर रोडच्या कारखान्यांतला माल धर्मकाट्यावर तोलून पुढे जातो, हे आपणां इंदूरकरांच्या नित्य परिचयाचे आहे. नवजात बालक तोलण्याची रीत मात्र आपल्या घरांत तितकी जुनी नाही. जुन्या वाड्यांत बाळंतिणीच्या खोलीत सुईण असे, काटा नसे. मूल सातमाशी की अठमाशी, एवढाच हिशेब राही. इंदुरात १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली, १९४८ साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. बाळंतपणे रुग्णालयांत होऊ लागली, तसतसा जन्माच्या वजनाचा आकडा कागदावर उतरू लागला.

१९४८ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने अपुऱ्या दिवसांचे मूल ओळखण्यासाठी २५०० ग्रॅमची मर्यादा मानली. परंतु पूर्ण दिवसांचे मूलही हलके असू शकते. म्हणून १९६१ साली ‘जन्मतः कमी वजन’ ही निराळी संज्ञा स्वीकारण्यात आली.

स्वमग्नतेचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. पुढे या अवस्थेचा ठपका आईच्या कोरडेपणावर ठेवला गेला. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांच्या ग्रंथाने त्या समजुतीला बळ दिले. त्यापूर्वी, १९६४ सालीच, बर्नार्ड रिमलँड यांनी स्वमग्नतेचे मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे, असे प्रतिपादन केले होते. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या वजनाच्या आणखी खालच्या एका रेघेवर. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. समूह म्हणून त्यांची बौद्धिक चाचण्यांतील सरासरी पूर्ण वजनाच्या मुलांहून कमी भरली. गणितात व हात-डोळ्यांच्या मेळात अडचणी दिसल्या. तरीही त्यांतील बहुसंख्य मुले सर्वसामान्य बुद्धीची होती. त्याच दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातही २००० ग्रॅमखालील बालकांचा असाच पाठपुरावा सुरू झाला होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यात स्वमग्नतेचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. तेव्हा अमेरिकेतील सर्वसाधारण मुलांत ते सुमारे १ टक्का मानले जाई.

यावर कोणी म्हणेल, हा वंशाचाच वारसा असेल. २०१२ साली स्वीडनमधील जुळ्यांच्या अभ्यासात असे दिसले की, जोडीतल्या दोघांच्या वजनात ठळक तफावत असेल, तर हलक्या मुलात स्वमग्नतेची शक्यता तिपटीहून अधिक असते. वारसा मोठा आहेच, पण गर्भातले पोषणही काही भर घालते, असा याचा अर्थ. भारतातही उत्तर गोव्यासह पाच ठिकाणच्या सुमारे चार हजार मुलांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मेंदूच्या वाढीतील विकारांशी कमी वजनाचा वा अपुऱ्या दिवसांचा संबंध आढळला.

मात्र संबंध म्हणजे निकाल नव्हे. न्यू जर्सीच्या आकड्याची दुसरी बाजू अशी की, शंभरांतील सुमारे पंच्याण्णव मुलांत स्वमग्नता नव्हती. शिवाय एकेकाळी कोरडेपणाचा आरोप सोसलेल्या आईवर आता ‘पोटात बाळ वाढवले नाही’ हा नवा आरोप येऊ नये. रक्तक्षय, कोवळ्या वयातले मातृत्व, वाढलेला रक्तदाब, गरोदरपणातले अवजड काम ही वजन घटण्याची कारणे घराने आणि समाजाने वाटून घ्यायची आहेत.

कायदाही सावकाश जागा झाला. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्याने तिला अपंगत्वांच्या यादीत स्थान दिले.

आज सांवेर रोडच्या मजूरवस्तीतील बाळ असो वा आपल्या घरातले नातवंड, त्याच्या जन्माचे कार्ड जपून ठेवावे. वजन कमी असेल तर भिऊ नये, पण नजर ठेवावी. वर्षाचे झाल्यावरही मूल हाकेला वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर ‘आमच्याकडे मुले उशिराच बोलतात’ म्हणून न थांबता डॉक्टरांना दाखवावे. मदत लवकर मिळाली, तर मुलाचा पुढचा मार्ग पुष्कळ सुकर होतो.